दारं नाहीत, आणि पाहुणे दारात

पत्र

ताई, आमचं घर बेळगावात, वडगावला. या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या जुन्या घरावर एक मजला चढवून आम्ही वर राहायला आलो. स्वयंपाकघरात 10 फुटांचा कट्टा झाला. कट्ट्याखाली कडाप्प्याचे चार खण आहेत आणि वर भिंतीला सुतारानं प्लायचे चार बॉक्स ठोकलेत. दारं तेवढी राहिली. आधी पैसे संपले म्हणून राहिली, मग सुतारच गायब झाला. मिस्टर म्हणतात, दिवाळीनंतर भिशी लागली की बघू.

शेजारी यंत्रमाग आहेत. खिडकी उघडली की धाग्यांचं तूस आत येतं आणि फोडणीच्या तेलकटपणावर चिकटून बसतं. रोजची भांडी धुतेच, पण वरचे डबे आठवड्याला पुसायचे म्हणजे अर्धा दिवस जातो. मध्यंतरी उंदरानं रव्याची पिशवी फोडली. गणपतीला पुण्याहून जाऊबाई येणार. त्यांच्याकडे सगळं बंद, सॉफ्ट क्लोज की काय म्हणतात ते. मी खोक्यांच्या पुठ्ठ्याची दारं करून सेलोटेपनं चिकटवायचं ठरवलंय. मिस्टर म्हणतात, राहू दे की, कोण बघतंय. भिंतीला भोकं पाडलेली सासऱ्यांना चालत नाहीत. हजार रुपयांत काही होईल का?

एक वाचक, वडगाव

उत्तर

पुठ्ठा आधी खाली ठेवा. बाकीचं मग बोलू.

पुठ्ठ्याची दारं मीही केली आहेत, म्हणून सांगते. लग्नानंतर आमचं बिऱ्हाड शहापुरात दोन खोल्यांत होतं. भिंतीतल्या फडताळाला दार नव्हतं. टीव्हीचं खोकं कापून, त्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवून मी असं दार केलं की शेजारणी बघायला आल्या. हे मे महिन्यात. आषाढ लागला आणि ते दार न भाजलेल्या पापडासारखं लवलं. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. एका रात्री पाणी प्यायला उठले, दिवा लावला, तर दाराच्या कडेतून झुरळं अशी आत पळाली की जणू घर त्यांचंच. होतंच म्हणा. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांच्या मध्ये नागमोडी पोकळी असते. ती अंधारी असते, उबदार असते, झुरळांना लपायला आयती जागा. वर तो पुठ्ठा चिकटवायची खळ पिठाची, म्हणजे जेवणाचीही सोय झाली. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर काडेपेटीसुद्धा सादळते, तिथं पुठ्ठा काय टिकणार?

आता मिस्टरांचं 'कोण बघतंय'. त्यांना सांगा, तूस बघायला येत नाही, बसायला येतं.

तुमच्या पत्रात तिघं आत शिरायला बघताहेत: तूस, उंदीर आणि जाऊबाई. (हसू नका, क्रम तुमचाच आहे.) तिघांना एकच झाकण लावायला गेलात तर तिन्हीकडं फसाल. तुसाला कापड अडवतं. जाऊबाईंच्या नजरेलाही कापड पुरतं. उंदराला मात्र कापड म्हणजे जिना. तेव्हा कुठल्या खणात कोण येतंय ते आधी बघा, मग हात घाला.

तुसाचं एक सांगते, जे तुम्ही विचारलेलं नाही. पहिलं झाकण कपाटाला नको, खिडकीला हवं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असणार. तो आतली हवा बाहेर फेकतो, आणि जेवढी फेकतो तेवढीच दुसरीकडून आत ओढतो. दुसरीकडून म्हणजे कुठून? जी खिडकी उघडी असेल तिथून. ती मागांच्या बाजूची असेल तर तुम्ही स्वतःच पंखा लावून शेजारचं तूस घरात बोलावताय. माग चालू असताना ती खिडकी लोटून घ्या आणि स्वयंपाक करताना दुसऱ्या बाजूची खिडकी किंवा जिन्याचं दार उघडं ठेवा. धोट्याचा खडखडाट थांबला की मग ती उघडा. तिला मच्छरदाणीची जाळी वेल्क्रोच्या पट्टीनं लावून घ्या. पट्टी खिडकीच्या चौकटीला चिकटते, खिळा लागत नाही. बारीक धागा जाळीतून येईलच, पण तुसाचे पुंजके अडकतात, आणि डब्यांवर बसतात ते पुंजकेच. दर रविवारी जाळी ओढून काढायची, बादलीत बुडवायची, झटकून परत लावायची. पाच मिनिटांचं काम. पहिल्या रविवारी बादलीतलं पाणी बघा, मग मी काय म्हणते ते कळेल.

आता कट्ट्याखालचे खण. इथं साडी.

वडगाव-शहापुरात कुणाच्या ट्रंकेत जुनी साडी नाही? एक सुती घ्या. सुतीच. शेजारच्या मागावरची डागी साडी स्वस्तात मिळेलही, पण ती पॉलिस्टरची किंवा आर्ट सिल्कची असेल तर स्वयंपाकघरात नको. सुती कापडही पेटतं, त्यात वाद नाही, पण पॉलिस्टर वितळतं आणि वितळून कातडीला चिकटतं. शिवाय कोरड्या हवेत ते तूस स्वतःकडं ओढून घेतं, म्हणजे ज्यासाठी लावायचं तेच उलटं. जुनी सुती इरकल असेल तर फारच छान, काळ्या दगडाखाली तो लाल काठ काय दिसेल! मात्र जिच्यावर जीव आहे ती साडी काढू नका. या पडद्याला रोज हळदीचे हात लागणार आहेत.

माप सांगते. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट लांब. पन्हा 45 इंचांच्या आसपास. कट्टा बहुतेक घरांत 32 ते 34 इंच उंच असतो. वरच्या दगडाची जाडी सोडली की खणाचं तोंड 30 इंच धरा, आणि तुमचं वेगळं असेल तर तेवढा फरक करा. पडदा फरशीपासून 2 इंच वर हवा, नाहीतर फरशी पुसताना भिजतो आणि ओल वर चढत जाते. म्हणजे लोंबणारं कापड 28 इंच. पन्ह्यातले 17 इंच उरले. ते कापायचे नाहीत. साडीचा एक काठ खाली येऊ द्या, वरचे 17 इंच आतल्या बाजूला दुमडा आणि दुमडीपासून दोन इंचांवर सरळ शिलाई मारा. झाला नेफा. शिलाईखालचं उरलेलं कापड आत अस्तरासारखं लोंबतं, त्यामुळं पडद्याचा वरचा अर्धा भाग दुहेरी होतो. खालचा काठ जड असतो, म्हणून पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडत नाही. शिलाई मात्र लांब टाक्याची मारा. ती उसवायची आहे.

लांबीचं गणित याहून सोपं. चार खणांपैकी तीनच झाकायचे आहेत. साडीचे तीन तुकडे करा, प्रत्येकी 6 फुटांचे. तुमचा खण अडीच फुटांचा धरला तर कापड दुपटीहून जास्त होतं आणि चुण्या भरगच्च पडतात. कापलेल्या कडांना पिको करून आणा. फॉल-पिको करणारी बाई गल्लीत असेलच.

पडदा अडकवायला सगळे स्प्रिंग सांगतात. मी नाही सांगणार. एक तर ती ताणायला दोन्हीकडं घट्ट हुक लागतात, आणि कडाप्प्यात भोक पाडायला गेलं की दगडाची कपची उडते. दुसरं म्हणजे स्प्रिंगच्या वरचं प्लॅस्टिक कुठं सोललं की पावसाळ्यात आतली तार गंजते आणि तो गंज नेफ्यावर उतरतो. मजला नुकताच चढवलाय ना? मग गच्चीत नाहीतर जिन्याखाली वायरिंगचे पांढरे पीव्हीसी पाइप उरलेले असणार. तोच पाइप घ्या. गंजत नाही, लवत नाही, हॅक्सॉच्या पात्यानं सुरीनं दोडका कापावा तसा कापतो. खणाच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड कापा.

तो टेकवायला भोकं नकोत. हार्डवेअरच्या दुकानातून एमसील आणा. त्यातले दोन भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. उभ्या दगडाच्या आतल्या अंगाला, वरच्या दगडाच्या लगेच खाली आणि कडेपासून दोन बोटं आत, लिंबाएवढा गोळा दाबून बसवा. जागा आधी सोड्याच्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. तेलकट दगडावर एमसील धरत नाही, आठ दिवसांनी सोलून हातात येतं. आता पाइपच्या टोकाला तेलाचं बोट लावा, गोळ्यात वरून दाबा, अर्धा पाइप मावेल एवढी खाच पाडा आणि पाइप अलगद उचला. समोरच्या दगडावरही तसंच. रात्रभर हात लावू नका. सकाळी खाच दगडासारखी झालेली असते. पाइप नेफ्यातून ओवायचा आणि खाचेत ठेवायचा. धुवायचा झाला की उचलायचा. सासऱ्यांना बोलवून दाखवा, एकही भोक नाही.

'दोन बोटं आत' म्हटलं ते उगीच नाही. पडदा कट्ट्याच्या कडेच्या आत राहिला पाहिजे. कढईतलं तेल ओघळलं, उकळी वर आली, की ते कडेवरून सरळ खाली येतं.

चौथा खण सिलिंडरचा. त्याला पडदा नाही.

जाऊबाईंकडं काहीही असू दे, तुमच्याकडं नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली फरशीलगत साठतो. खण उघडा असेल तर तो पसरतो, विरतो, आणि मुख्य म्हणजे वास लवकर येतो. पडद्यामागं कोंडला तर वास उशिरा लागतो. शिवाय नळी डोळ्यांसमोर राहते, तिला चीर पडलीय का, उंदरानं दात लावलेत का, हे येता-जाता दिसतं. तुमच्याकडं उंदीर आहे हे विसरू नका. नळीवर छापलेली तारीख आत्ताच बघून घ्या, पाच वर्षं झाली की बदलायची. त्या खणात 14.2 किलोचं सिलिंडर सोडून दुसरं काही नको. जुनी वर्तमानपत्रं नकोत, रॉकेलची बाटली तर नकोच नको. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन. हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे.

कांदे-बटाट्यांची टोपलीही पडद्याआड घालू नका. कोंदट जागेत बटाट्याला कोंब येतात, कांदा तळातून सडतो आणि आठवडाभर वास कुठून येतोय ते सापडत नाही. टोपली बाहेरच राहू दे. जाऊबाईंनी कांदे बघितले तर बघितले.

वरच्या बॉक्सांना साडी नको. तिथं हात वर करून ओल्या बोटांनी रोज दहा वेळा पडदा सारायचा म्हणजे चार दिवसांत कंटाळा येतो आणि पडदा कायमचा एका बाजूला जातो. तिथं गुंडाळता येणारं कापड करा. खडेबाजारात मांजरपाट मिळतो, तो आणा. आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन बोटं आखूड होतो आणि खालची फट उघडी पडते. प्रत्येक बॉक्सच्या तोंडापेक्षा रुंदीला दोन इंच आणि उंचीला एक वीत जास्त कापा. खालच्या कडेला नेफा करून त्यात बांबूची काठी किंवा तोच पाइप घाला, म्हणजे कापड सरळ लोंबतं. वरची कड बॉक्सच्या डोक्यावर नेऊन वरच्या फळीत ड्रॉइंग पिनांनी टोचा. वरच्या फळीला, पुढच्या कडेला नव्हे. तिथं पिना कुणाला दिसत नाहीत आणि सुताराच्या कामाला बाध येत नाही. दोन नाड्या शिवा. स्वयंपाक चालू असताना गुंडाळून बांधायचं, झाल्यावर सोडायचं. कुणीतरी सांगेल की पिना कशाला, वर पितळी पातेलं ठेवलं की झालं. नको. पोरं खालची काठी ओढतात, आणि मग पातेलं कुठं येतं ते सांगायला नको.

पुढच्या कडेचं एवढं का सांगते? दारं बसतील तेव्हा बिजागरीची पट्टी बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला, पुढच्या कडेपासून साधारण 37 मिलिमीटरवर येते. तिथं तुम्ही आधीच खिळ्याचं भोक पाडून ठेवलंत तर स्क्रू नुसता फिरत राहतो, धरत नाही. प्लायच्या उघड्या कडांना तेलरंगही मारू नका, नंतर वरची पट्टी चिकटायला अडचण येते. कुकर मात्र त्या बॉक्सांपासून लांब लावा. रोज वाफ बसली की प्लायची कच्ची कड फुगते, आणि फुगलेली कड परत बसत नाही.

शेगडीच्या वर किंवा लगेच बाजूला जो बॉक्स येतो त्याला कापड अजिबात नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट तरी सोडा. त्या बॉक्समध्ये घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे ठेवा, बाकी काही नको. तिथं तूस बसणारच. बॉक्सच्या डोक्यावर आणि डब्यांच्या रांगेवर जुना 'तरुण भारत' उलगडून टाका आणि दर पंधरवड्याला गुंडाळून फेकून द्या. पुसण्यापेक्षा कागद बदलणं सोपं. पंधरवडा मात्र चुकवू नका, कागद सादळला की पुन्हा झुरळांचीच सोय. आत्ता डब्यांवर जे चिकटून बसलंय त्याला कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नका, काळी पडतात.

प्लॅस्टिकचं कापड, मेणकापड, रेक्झिन असलं काही तुमच्या डोक्यात असेल तर पावसाळाभर तरी थांबा. पुसायला सोपं असतं हे खरं. पण आत ओल कोंडते. चटणीच्या बरणीला गोळे येतात, लाटण्यावर बुरशी धरते.

आता उंदीर. खरं तर हे काम पहिलं करायला हवं, पण तुम्ही रव्याच्या पिशवीचं एका ओळीत लिहून जाऊबाईंवर गेलात म्हणून मीही मागं ठेवलं. लहान उंदीर पेन्सिलएवढ्या भोकातून आत येतो. सहा मिलिमीटर पुरतात त्याला. सिंकखाली जा, टॉर्च घ्या, सांडपाण्याचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट बघा. नव्या बांधकामात ती हमखास राहते, गवंडी म्हणतो प्लंबर भरेल, प्लंबर म्हणतो गवंडी. त्या फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून उरलेलं एमसील थापा. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरतो, तार त्याला चाववत नाही. रवा, पोहे, शेंगदाणे पिशवीत ठेवणं आजपासून बंद, सगळं डब्यात. आमच्या आजीकडं जाळीचं लाकडी कपाट होतं. त्याचे चार पाय चार वाट्यांत आणि वाट्यांत पाणी, म्हणजे मुंग्याही नाहीत. जाळीतून हवा खेळायची, दुधावरची साय सकाळपर्यंत जशीच्या तशी. तसलं कपाट जुन्या सामानात कुठं दिसलं तर सोडू नका. तुमच्या एका खणाला तशी बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लाकडी चौकटीत ठोकून नुसती टेकवून ठेवली, तरी दूध-भाकरी सुरक्षित राहील. विषाच्या गोळ्या मात्र उघड्या स्वयंपाकघरात नकोत. सणाला पोरं येणार. पिंजरा लावा.

जाऊबाईंबद्दल फार लिहिणार नाही. सॉफ्ट क्लोज म्हणजे दार आपटत नाही, बस. पडदाही आपटत नाही. एक मात्र ऐका. गौरी जेवतात त्या दिवशी, पुरण शिजत असताना, चार बायका कट्ट्यापाशी दाटीनं उभ्या असताना, सगळे पडदे काढून ठेवा. पाइप उचलायचा, गुंडाळायचं, बाजूला. गर्दीत पदर सांभाळायचा की पडदा? त्या दिवशी सगळं उघडंच असणार आहे, आणि जाऊबाईंना डाळीचा डबा कुठाय हे विचारावं लागणार नाही. कुणाला त्यात खोट काढायची असेल तर हातात पोळपाट द्या.

राहता राहिला सुतार. आपल्याकडं कुणी त्याला सुतार म्हणतं, कुणी बडिगेर, पण तारीख दोघांचीही एकच: 'नाळे'. नव्वदच्या दशकात कर्नाटकात आवई उठली होती ना, रात्री दारावर येणाऱ्या भुताला परत पाठवायला दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहायचं? आपल्या सुतारानं ते मनावर घेतलेलं दिसतं. तुम्ही उलटं लिहाल म्हटलं, तर लिहायला दार तरी हवं!

दिवाळीनंतरचं म्हणाल, तर उशीर झाला म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका. दारांना कुठंही सागवानी चौकट किंवा पट्टी लावणार असाल, तर ती भर पावसात बसवलेली लाकडं नंतर हिवाळ्यात आक्रसतात आणि फटी पडतात. नुसत्या प्लायला तेवढा फरक पडत नाही, तरीपण कोरड्या दिवसांत झालेलं काम बरं. तोवर एका कागदावर चारही बॉक्सांच्या तोंडांची मापं तुम्ही स्वतः घेऊन लिहून ठेवा. उंची तीन ठिकाणी मोजा, डावीकडं, मध्ये, उजवीकडं. तिन्ही सारखी आली नाहीत तर दारं कापायच्या आधी ते सुताराला दाखवा, नंतर दाखवून उपयोग नसतो. आणि उरलेली सगळी रक्कम भिशी लागल्या दिवशीच त्याच्या हातात ठेवू नका. दारं लागतील तशी द्या.

हजार रुपयांचं विचारलं होतंत. साडी घरची, पाइप गच्चीतला. मांजरपाट, एमसील, खिडकीची जाळी, वेल्क्रो, पिना, पिको आणि एक पिंजरा. बसेल. उरले तर नळी बदला.

आणि दारं लागली की पडद्यांची शिलाई उसवा. टाका लांब घालायला सांगितला तो यासाठीच, दोरा एका टोकाला धरून ओढला की सर्रकन निघतो. 45 इंच पन्ह्याचे, सहा-सहा फुटांचे तीन तुकडे हातात येतील, धुऊन धुऊन मऊ झालेले. वाकळ शिवणाऱ्या बाईकडं द्या. वरच्या थराला एवढं पुरतं.